मालवेअर गेलं, जाताना लॉगिनपण घेऊन गेलं : दुकानाच्या पीसीच्या नोंदी

मशीन असेंबल्ड, थर्ड जनरेशन आय३, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची जुनी हार्ड डिस्क, विंडोज १०. जागा कोल्हापुरातली शाहूपुरी, मामांचं बेअरिंग आणि व्ही-बेल्टचं दुकान. मी काही कॉम्प्युटरवाला नाही, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे, पण घरातले सगळे पीसी माझ्याच गळ्यात पडतात. मालवेअर (चोरून घुसलेला घातक प्रोग्राम) काढल्यावर त्या पीसीवर लॉगिनच होईना, तेव्हा रोज रात्री फोनवर लिहून ठेवलेल्या या नोंदी आहेत, दुसऱ्या कुणाचे तरी तास वाचतील म्हणून टाकतोय. रजिस्ट्रीतली (विंडोज आपली सगळी सेटिंग जिथं ठेवतं ती जागा) नावं उच्चाराप्रमाणं लिहिलीत, मशीनवर इंग्रजी स्पेलिंग जुळवून घ्या.

६ डिसेंबर २०२५, शनिवार

फर्स्ट शिफ्ट सुटली, तावडे हॉटेलच्या तिथं गर्दीत अडकलो होतो तोवर मामांचा फोन. "भाच्या, कॉम्प्युटर येड्यागत करालंय बघ. जाता जाता जरा येऊन जातोस काय?" जाता जाता म्हणजे किती, तर रात्रीचे पावणेदहा झाले.

डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळांचा सीझन. कुणाच्या चरकाचा बेल्ट तुटला की तो माणूस तेलकट हातानंच दुकानात येतो आणि त्याला बिलासाठी दोन मिनिटं थांबायला वेळ नसतो, तिकडं ऊस पडून आणि माणसं बसून. त्यात टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला पाच मिनिटं, ब्राउझर उघडला की भलतंच सर्च पेज, कोपऱ्यात जाहिराती, आणि काही न करता पंखा घुमतोय.

हिशेब बघणाऱ्या पोरीला विचारलं काय टाकलंस का. आधी न्हाई न्हाई, मग हळूच, "दादा, बँकेचं स्टेटमेंट पीडीएफ होतं, ते एक्सेल करायला एक सॉफ्टवेअर घेतलो. पैसे मागालतं म्हणून त्याचंच फुकटातलं टाकलो." डाउनलोडमध्ये बघितलं तर झिप फाइल, तिला पासवर्ड, आणि आत एक टेक्स्ट फाइल की इन्स्टॉल करायच्या आधी अँटीव्हायरस बंद करा. तिनं केला होता बंद. आता झिपला पासवर्ड का असतो, तर बाहेरून स्कॅन करणाऱ्याला आतलं बघता येऊ नये म्हणून, हे तिला कोण सांगणार, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात असताना मीपण असलंच टाकायचो.

इंटरनेटची वायर काढली (हे एक बरोबर केलं). घरून पेनड्राइव्हवर आणलेला एक फुकटातला स्कॅनर चालवला, सव्वा तास लागला, १९ नोंदी सापडल्या. "सगळं काढा" दाबलं आणि रिस्टार्ट मागितल्यावर दिला.

हीच पहिली चूक. त्या १९ ओळींचा साधा फोटोपण काढला नाही. फाइल नेमकी कुठं होती, रजिस्ट्रीत काय काय धरून बसली होती, सगळं त्या यादीत होतं.

रिस्टार्ट झाल्यावर पासवर्ड टाकला, "वेलकम" आलं, दोन सेकंदात "साइनिंग आउट", आणि परत लॉक स्क्रीन. परत पासवर्ड, परत तेच. पासवर्ड चुकत नव्हता, चुकीचा टाकला तर तसं सांगत होता. म्हणजे आत घेतोय आणि लगेच बाहेर काढतोय. मशीनवर 'ओनर' नावाचं दुसरं खातं आहे, मशीन बनवून देणाऱ्यानं ठेवलेलं, त्याचा पासवर्ड मामांनी "एक ते आठ आकडे असतील बघ" असा सांगितला आणि तो नव्हताच.

मग शिफ्ट दाबून रिस्टार्ट, निळी स्क्रीन, तिथून सेफ मोड (विंडोज कमीत कमी गोष्टींवर चालू करायचा मार्ग). सेफ मोडमध्येपण तेच, आत आणि बाहेर. सेफ मोड विथ कमांड प्रॉम्प्ट, तेच. सिस्टिम रिस्टोअर, एकपण पॉइंट नाही. स्टार्टअप रिपेअर पंधरा मिनिटं फिरून म्हणतोय दुरुस्त करता येत नाही, आणि बरोबरच आहे, स्टार्टअपला काही झालेलंच नव्हतं, मशीन व्यवस्थित चालू होत होतं.

सेफ मोडवर दीड तास गेला. कारण नंतर कळलं ते इथंच लिहितो. लॉगिन झाल्यावर विनलॉगऑन हा भाग 'युजरइनिट' नावाचा प्रोग्राम चालवतो, आणि तो पुढं डेस्कटॉप आणतो. सेफ मोडमध्येपण याच दारातून जावं लागतं. दारातला माणूसच गायब असेल तर साधा मोड काय आणि सेफ मोड काय. आत-बाहेर होत असेल तर सेफ मोड एकदा बघा आणि सोडून द्या.

मामांनी खालच्या कपाटातनं जुनं बिलबुक काढलं. कार्बन पेपर शोधायला अर्धा तास.

७ डिसेंबर, रविवार

सकाळी ३२ जीबीचा पेनड्राइव्ह घेतला, ३५० रुपये. माझ्या लॅपटॉपवर विंडोज १० चा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवला, डाउनलोड चार जीबीच्या वर, घरच्या नेटवर दीड तास. हा खर्च आणि वेळ दोन्ही फुकट होते. काल ज्या निळ्या स्क्रीनवरून सेफ मोडला गेलो त्याच मेनूत कमांड प्रॉम्प्टचं बटण होतं, मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही, डोक्यात एकच की असल्या कामाला पेनड्राइव्ह लागतो. तुमची निळी स्क्रीन येत असेल तर आधी तिथंच बघा, फक्त खात्याचा पासवर्ड मागेल.

पेनड्राइव्हवरून बूट केलं, भाषा विचारणारी पहिली खिडकी आली की शिफ्ट आणि एफ१० दाबायचं, काळी कमांड विंडो उघडते. दुरुस्तीला हात लावायच्या आधी टॅलीचा डेटा काढला. इथं एक सोपी युक्ती आहे, कमांडमध्ये नोटपॅड उघडायचं, फाइल-ओपनमध्ये जायचं, खाली "ऑल फाइल्स" निवडायचं, आणि त्या खिडकीतच फोल्डरवर राइट क्लिक करून कॉपी-पेस्ट होतं. कॉपी किती झाली ते दिसत नाही, अडकल्यासारखं वाटतं, हात लावायचा नाही. १.८ जीबीला वीस मिनिटं. मामांचा याआधीचा बॅकअप एप्रिलमधला होता, म्हणजे डिस्क गेली असती तर आठ महिने गेले असते. मी त्यांना हे सांगितलं नाही, रविवार होता.

"फॉरमॅट मार की" असं शेजारच्या दुकानदारानं दोनदा सांगितलं. डेटा निघाल्यावर ते योग्यपण होतं. पण टॅलीचं लायसन या मशीनवर ॲक्टिव्हेट आहे, ते इथून सरेंडर करून मग नव्या विंडोजवर घ्यावं अशी माझी इच्छा, लेबल प्रिंटरची ड्रायव्हर सीडी हरवलेली, आणि तिसरं कारण म्हणजे आता मला हट्ट आला होता.

दुपारी मामांकडंच जेवण, तांबडा-पांढरा. मी आपला रस्सा ओरपत मालवेअर कसं असतं ते समजावून सांगतोय आणि मामी शांतपणे म्हणाल्या, "त्यात आमच्या बँकेचं पण सगळं असतंय की रे?" सगळ्यांचे हात थांबले. ब्राउझरमध्ये बँकेचा, जीएसटीचा आणि मेलचा पासवर्ड सेव्ह केलेला, आणि असल्या क्रॅकबरोबर (पैसे चुकवून टाकलेल्या सॉफ्टवेअरबरोबर) येणारी मालवेअर पहिल्यांदा तेच उचलतात. हे काम शनिवारी चार वाजता, वायर काढली तेव्हाच करायला हवं होतं, मला एक दिवस उशिरा आणि तेपण मामींमुळं सुचलं. हात धुऊन फोनवरनं तिन्ही पासवर्ड बदलले (त्या पीसीवरनं नव्हे), मेलमधनं बाकीची सगळी डिव्हाइस साइन आउट केली, बँकेचं खातं तपासलं, पैसे जागेवर होते. गेले असते तर १९३० ला (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लगेच फोन करायचा, तो नंबर आता गल्ल्याशेजारी चिकटवलाय.

संध्याकाळी दुकान उघडून परत बसलो. कमांडमध्ये 'रेजएडिट' टाइप केलं, रजिस्ट्री उघडली, लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन. उजवीकडं 'युजरइनिट'. मालवेअरचा मागमूस नाही. तरी मी बरोबर असलेला पाथ हातानं टाइप केला, बंद करून रिस्टार्ट. आत, बाहेर.

परत पेनड्राइव्ह, परत तीच जागा, आणि मी टाइप केलेलं तिथं नाहीच. परत टाइप केलं, रिस्टार्ट, परत गायब. असं तीनदा. चौथ्या वेळी काळ्या विंडोत डाव्या बाजूला नीट बघितलं तर लिहिलंय 'एक्स' ड्राइव्ह. मी जी रजिस्ट्री दुरुस्त करत होतो ती दुकानाच्या विंडोजची नव्हतीच, पेनड्राइव्हवरून रॅममध्ये चढलेल्या छोट्या विंडोजची होती, जी दरवेळी बंद केली की पुसली जाते. म्हणजे शेजाऱ्याच्या घराचं कुलूप बदलत बसलो होतो. अडीच तास.

८ डिसेंबर, सोमवार

ड्युटीनंतर चारला दुकानात. आज बरोबर रजिस्ट्री.

दुकानाच्या विंडोजची रजिस्ट्री डिस्कवर फाइलच्या रूपात असते, विंडोज, सिस्टिम३२, कॉन्फिग या फोल्डरात. तिथली 'सॉफ्टवेअर' नावाची फाइल, तिला एक्स्टेन्शन नाही. अशा फाइलला हाइव्ह म्हणतात, ती रेजएडिटमध्ये "लोड हाइव्ह" करून घ्यायची. फाइल मेनूत लोड हाइव्ह फिकं दिसत होतं, दाबलंच जाईना, वीस मिनिटं त्यातच. आधी डावीकडं 'एचके लोकल मशीन' वर क्लिक करून ते निवडलेलं असलं तरच ते चालू होतं.

आधी त्याच कॉन्फिग फोल्डरातल्या 'रेगबॅक' मध्ये डोकावलं, म्हटलं जुनी रजिस्ट्री सापडली तर तीच टाकू. सगळ्या फाइल शून्य केबी. विंडोज १० च्या १८०३ व्हर्जनपासून तिथं आपोआप बॅकअप घेणं बंद आहे. जुने व्हिडिओ बघून त्या शून्य केबीच्या फाइल मूळ फाइलवर कॉपी करू नका, आहे तेपण जाईल.

हाइव्हला नाव विचारतो, मी 'दुकान' असं इंग्रजीत दिलं. मग लोकल मशीनखाली 'दुकान', त्यात थेट मायक्रोसॉफ्ट (मध्ये परत सॉफ्टवेअर नसतं), विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन. आणि युजरइनिटसमोर साहेब बसलेले, सी ड्राइव्ह, प्रोग्रामडेटा, एक आकडे-अक्षरांचं फोल्डर, आत ऑडिओ ड्रायव्हरसारखं साळसूद नाव असलेली ईएक्सई (प्रोग्रामची फाइल).

आता सगळं जुळलं. मालवेअरनं खऱ्या युजरइनिटच्या जागी स्वतःचं नाव टाकलं होतं. ते आधी स्वतः चालायचं, मग खऱ्याला बोलवायचं, म्हणून शनिवारी स्कॅन करेपर्यंत लॉगिन होत होतं. स्कॅनरनं फाइल उडवली, रजिस्ट्रीतलं नाव तसंच ठेवलं. विंडोज त्या नावाला हाक मारतंय, कुणी ओ देत नाही, म्हणून साइन आउट.

हे काही नवीन नाही. एक्सपीच्या काळात 'डब्ल्यूएसएअपडेटर' नावाच्या फाइलमुळं बरोबर असंच व्हायचं, आणि तेव्हा लोक खऱ्या युजरइनिटची कॉपी काढून तिलाच त्या मालवेअरचं नाव द्यायचे आणि आत शिरायचे. डोकं बघा एकेकाचं. मी ते करून बघितलं नाही, सरळ रस्ता समोर होता.

सरळ रस्ता म्हणजे पाथ बदलायचा. कमांड विंडोत विंडोजचं फोल्डर डी ड्राइव्हवर दिसत होतं, म्हणून मी लिहिलं डी, विंडोज, सिस्टिम३२, युजरइनिट डॉट ईएक्सई आणि शेवटी स्वल्पविराम. स्वल्पविराम मूळचाच असतो, काढायचा नाही. हाइव्ह अनलोड केली, रिस्टार्ट.

आत, बाहेर.

मामा काउंटरवरनं, "काय रं, झालं काय?" मी काहीच बोललो नाही. डोकं चालेना, आठ वाजता गाडी काढली.

९ डिसेंबर, मंगळवार

दुपारी फाउंड्रीत पंप बॉडीच्या कास्टिंगचं माप घेत होतो, पोरानं डेटम (जिथून माप मोजायचं ती मूळ बाजू) भलत्याच फेसवरून धरलेला, त्याला ओरडता ओरडता आपलंच आठवलं. डी ड्राइव्ह हे पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर दिसणारं अक्षर. मशीन स्वतःच्या विंडोजनं चालू झालं की तीच जागा सी असते. वर म्हणजे मालवेअरचा पाथ माझ्या डोळ्यासमोर सी नं सुरू होत होता, तरी मी डी टाकला. त्याला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

चारला दुकान, हाइव्ह लोड, डी चा सी केला, स्वल्पविराम ठेवला, अनलोड, रिस्टार्ट. अकरा मिनिटांचं काम.

जाता जाता दोन गोष्टी बघून घेतल्या, तुमच्याकडं पाथ बरोबर असूनही आत-बाहेर होत असेल तर याच बघा. एक, सिस्टिम३२ मध्ये युजरइनिट ही फाइल खरंच आहे का, कधीकधी स्कॅनर तीच उडवतो. दोन, विंडोज एनटी, करंटव्हर्जनखाली 'इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स' मध्ये युजरइनिट किंवा एक्सप्लोररच्या नावानं 'डीबगर' अशी नोंद आहे का. असली तर ती नोंद मूळ प्रोग्रामच्या जागी दुसरंच काहीतरी चालवते. माझ्याकडं दोन्ही ठीक.

पासवर्ड, वेलकम, आणि या वेळी साइन आउट झालं नाही! मी ओरडलो, पोरगी उठून आली, मामा आले, एक गिऱ्हाईकपण आत वाकून बघायला लागलं. आणि स्क्रीन काळी. नुसता माउसचा बाण. पाच मिनिटं थांबलो, बाण तसाच. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबलं तर म्हणे टास्क मॅनेजर ॲडमिनिस्ट्रेटरनं बंद केलाय.

गिऱ्हाईक म्हणालं, "आमच्या टीव्हीला असंच झालतं, पॅनेल गेलंय."

विनलॉगऑनमध्येच 'शेल' नावाची नोंद असते, डेस्कटॉप आणणारी, तिथं 'एक्सप्लोरर डॉट ईएक्सई' पाहिजे. परत पेनड्राइव्ह, परत हाइव्ह, बघितलं, बरोबर तेच होतं. मग काळी स्क्रीन का? साडेनऊला सोडलं.

१० डिसेंबर, बुधवार

मामींनी २०१९ ची डायरी शोधून काढली, मागच्या पानावर 'ओनर'चा पासवर्ड. मामांचा मोबाइल नंबर उलटा. मशीन देणारा हुशार होता.

ओनरमधून लॉगिन केलं आणि डेस्कटॉप आला, टास्कबारसकट, सगळं. टॅलीचा डेटा दुसऱ्या पार्टिशनवर असल्यानं टॅली उघडली, कंपनी उघडली, चार दिवसांची हाताची बिलं पोरगी चढवायला बसली. खरं सांगतो, इथं थांबायला पाहिजे होतं. दुकानाच्या खात्यातल्या फाइली ओनरमधून कॉपी करायच्या, विषय संपला. मी थांबलो नाही, त्याचे पाच तास खाली लिहिलेत.

ओनर चालतंय आणि दुकानाचं खातं चालत नाही, म्हणजे बिघाड त्या खात्यापुरता. प्रत्येक खात्याची स्वतःची रजिस्ट्री असते, युजर्स फोल्डरात त्या नावाखाली 'एनटीयुजर डॉट डॅट'. ती ओनरमध्ये बसूनच लोड करायला गेलो, या वेळी 'एचके युजर्स' निवडून. फाइल लपवलेली असते, खिडकीत दिसली नाही तर नाव हातानं टाइप करायचं. एरर आला, फाइल दुसऱ्या प्रोग्रामकडं वापरात आहे. कारण दुकानाचं खातं मी थोड्या वेळापूर्वी उघडून काळी स्क्रीन बघून तसंच सोडलेलं, ते मागं चालूच होतं. रिस्टार्ट करून थेट ओनरमध्ये गेलो, लोड झाली.

त्या खात्याच्या रजिस्ट्रीत, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, विनलॉगऑन, आणि तिथं अजून एक 'शेल', त्यात तीच ऑडिओवाली ईएक्सई. खात्यातला शेल असला तर मशीनच्या शेलला कुणी विचारत नाही. ही नोंद इथं मुळात असायचीच नसते, म्हणून दुरुस्त न करता सरळ उडवली. मग मायक्रोसॉफ्टखालच्या साध्या 'विंडोज'मध्ये (एनटीमध्ये नव्हे) करंटव्हर्जन, पॉलिसीज, सिस्टिममधली 'डिसेबल टास्कएमजीआर' ही टास्क मॅनेजर बंद करणारी नोंद पण उडवली.

आणि आनंदाच्या भरात हाइव्ह अनलोड न करता "स्विच युजर" केलं.

दुकानाच्या खात्यात गेलो, डेस्कटॉप आला, पण कोरा. निळा वॉलपेपर, एक रिसायकल बिन, आणि कोपऱ्यात मेसेज की तुमच्या खात्यात साइन इन करता येत नाही. मामांच्या कोटेशनच्या फाइली नाहीत, नातवाचा फोटो नाही. मामा मागं उभे होते. "पुसलंस काय रं सगळं?"

पुसलं नव्हतं. ती एनटीयुजर फाइल ओनरमधल्या रेजएडिटनं धरून ठेवलेली, त्यामुळं विंडोजला ती उघडता येईना, मग त्यानं तात्पुरतं कोरं प्रोफाइल दिलं. हे मला कळत होतं तरी घाम फुटला. युजर्स फोल्डर उघडून मामांना त्यांच्या फाइली जागेवर दाखवल्या, मगच ते चहा सांगायला गेले. अशा कोऱ्या डेस्कटॉपवर काही सेव्ह करू नका, साइन आउट केलं की जातं.

ओनरमध्ये येऊन हाइव्ह अनलोड, रिस्टार्ट, दुकानाचं खातं. परत कोरं. रात्रीचे दहा. घरी.

११ डिसेंबर, गुरुवार

आज जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी रिटर्न) ची शेवटची तारीख. पोरगी सकाळपासून ओनरमध्ये बसून बिलं संपवत होती, म्हणून साडेसहापर्यंत मला मशीनच मिळालं नाही. साडेसहाला तिनं रिटर्न भरलं, मामांच्या फोनवर ओटीपी आला, झालं. माझी गरज लागली नाही.

मग मी बसलो. लोकल मशीनमध्ये, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, 'प्रोफाइललिस्ट'. तिथं लांबलचक आकड्यांच्या कीज असतात, एकेक म्हणजे एकेक खातं. दुकानाच्या खात्याचा आकडा दोनदा होता, एक साधा आणि एक शेवटी '.बॅक' लावलेला. काल कोरं प्रोफाइल देताना विंडोजनं खऱ्याला बॅक करून बाजूला ठेवलं आणि तात्पुरत्याला त्याचं नाव दिलं. 'प्रोफाइल इमेज पाथ' बघून खात्री केली कुठलं कुठलं. साध्याच्या मागं '.जुना' जोडलं, दुसऱ्याचं '.बॅक' काढलं, त्यातलं 'स्टेट' आणि 'रेफकाउंट' शून्य केलं. रिस्टार्ट.

नातू दिसला.

नेट मात्र त्या खात्यात चालेना, ओनरमध्ये चालत होतं. प्रॉक्सी (नेटचं ट्रॅफिक मध्ये कुणाकडून न्यायचं ते) सेटिंगमध्ये १२७.०.०.१, म्हणजे हेच मशीन, भरलेलं, म्हणजे सगळं ट्रॅफिक मालवेअरमधून जायचं आणि आता मालवेअरच नाही. बंद केलं, दोन मिनिटं. मग ऑटोरन्स हे मायक्रोसॉफ्टचं फुकट टूल चालवलं, त्यात पिवळ्या ओळी म्हणजे जिची फाइल सापडत नाही अशी नोंद. दोन होत्या, त्यातली एक शेड्युल्ड टास्क, दर तासाला तीच ईएक्सई चालवायला बघणारी. उडवल्या. हे टूल शनिवारी स्कॅन करायच्या आधी चालवून फोटो काढले असते तर विनलॉगऑनमधली ती ओळ मला त्याच दिवशी दिसली असती.

१४ डिसेंबर, रविवार

टॅलीचं लायसन सरेंडर केलं, २४० जीबीचा एसएसडी लावला (२,१०० रुपये), कोरं विंडोज टाकलं. एवढं दुरुस्त करून परत कोरं का, तर १९ नोंदींपैकी मला चारच कुठं होत्या ते माहीत आहे. ज्या मशीनवरनं बँक चालते तिथं उरलेल्या पंधरांवर भरवसा ठेवायची माझी तयारी नाही.

विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. सध्या १० च टाकून त्याच्या वाढीव सिक्युरिटी अपडेट्सना नाव नोंदवलं, त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, त्याआधी नवीन मशीन घ्यायचं मामांनी कबूल केलंय, "गुऱ्हाळं संपू देत" या अटीवर. पोरीचं खातं आता स्टँडर्ड, इन्स्टॉल करायचं म्हटलं की ॲडमिनचा पासवर्ड मागतो, आणि तो डायरीच्या मागच्या पानावर नाही. रेगबॅक परत चालू करणारी 'एनेबल पिरियॉडिक बॅकअप' नोंदपण टाकून ठेवली. लेबल प्रिंटरचा ड्रायव्हर जुन्या डिस्कमधून काढायला गेलो, जमलं नाही, शेवटी कंपनीच्या साइटवर पहिल्याच पानावर होता.

खर्च एकूण २,४५०, त्यातले ३५० टाळता आले असते. वेळ अठ्ठावीस तासांच्या आसपास. काय करायचं ते आधी माहीत असतं तर मालवेअर काढण्यापासून लॉगिनपर्यंत फार तर दोन तास.

निघताना पोरीला म्हटलं, ते स्टेटमेंट एक्सेल करायचं आता कसं करणार, पैसे भरून चांगलं सॉफ्टवेअर घेऊया का. तिनं बँकेची साइट उघडून दाखवली. डाउनलोडच्या बटणाशेजारी एक बाण आहे, तो दाबला की पीडीएफच्या खाली दुसराच पर्याय एक्सेल. "मी कालच बघितलो दादा," म्हणाली. "आधी कुणी सांगितलंच न्हाई."